पट्टी कोण देतं?

गेल्या वेळी या सदरात मी सहज लिहून गेले की, मला ऑफसाइड अजून कळत नाही, पण फुटबॉलचा सामना मी टीव्हीचा आवाज वाढवून बघते. समालोचनासाठी नव्हे, गॅलरीतल्या गाण्यांसाठी. चौतीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेल्या बाईचं हे वेड वाचून कोणी हसेल असं वाटलं होतं. झालं भलतंच, प्रश्नांचा ढीग आला. त्यातले काही आज घेते.

प्रश्न : सामन्यात प्रेक्षक जे म्हणतात त्याला सगळे ‘चँट’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? घोषणा, गाणं की आरोळी?

घोषणेत बहुधा काहीतरी मागणं असतं. आरोळी एकट्याचीही असू शकते. आणि गाणं म्हणावं तर पुष्कळदा सगळा मामला दोन-तीन सुरांतच आटपतो. मला ‘घोष’ हा शब्द बरा वाटतो, कारण पुन्हा पुन्हा म्हणणं आणि अनेकांनी म्हणणं या दोन्ही गोष्टी त्यात येतात.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये याची व्याख्या कायद्यालाच करावी लागली. १९९१च्या फुटबॉल गुन्ह्यांच्या कायद्याने अश्लील आणि वर्णद्वेषी घोषांवर बंदी घातली. त्यात घोष म्हणजे काय, तर इतर एक किंवा अधिक जणांच्या साथीने शब्द वा आवाज पुन्हा पुन्हा काढणं. म्हणजे एकट्याने शिवीगाळ केली तर तो घोषच ठरेना! शेवटी १९९९मध्ये ‘एकट्याने किंवा इतरांसह’ अशी दुरुस्ती झाली. कायद्यासाठी ते योग्यच झालं. पण संगीताच्या बाजूने मी अजून जुन्याच व्याख्येला चिकटून आहे.

प्रश्न : माझा मुलगा लिव्हरपूलचा चाहता. परीक्षेला निघताना ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ गुणगुणतो. ते मूळचं मृत्यूच्या प्रसंगाचं गाणं आहे असं कळल्यापासून मला कसंतरीच होतं. हे खरं का?

खरं आहे, पण अर्धंच. फेरेंट्स मोल्नार या हंगेरियन नाटककाराचं ‘लिलिओम’ नावाचं १९०९चं नाटक आहे. त्यावरून १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘कॅरोसेल’ हे संगीत नाटक आलं. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. नायक बिली चोरीच्या भानगडीत जीव गमावतो आणि त्याच्या गरोदर बायकोला धीर देताना तिची नातलग नेटी हे गाणं म्हणते. वादळातून चालत राहा, मान ताठ ठेव, तू एकटी नाहीस, असा आशय. मात्र नाटक तिथे संपत नाही. शेवटच्या प्रवेशात हेच गाणं पुन्हा येतं, आणि तो प्रवेश बिलीच्या मुलीच्या शाळेतल्या पदवी समारंभाचा असतो! तेव्हा परीक्षेला जाताना म्हणायला याहून योग्य गाणं शोधून सापडणार नाही. खुशाल म्हणू द्या.

आता ते मैदानात कसं शिरलं? १९६३मध्ये लिव्हरपूलच्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या बँडने ते नव्याने गायलं आणि ते ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या काळी लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफील्ड मैदानात सामन्यापूर्वी लाउडस्पीकरवर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी लावत आणि गॅलरी त्यांच्या सुरात सूर मिसळे. गाणं यादीतून उतरलं की ओठांवरूनही उतरायचं. हे उतरलं नाही. १९६४मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने तिथल्या गॅलरीचं चित्रण केलं, त्यात हजारो पुरुष डोलत डोलत बीटल्स आणि गायिका सिला ब्लॅकची गाणी गाताना दिसतात. ती गाणी त्या गॅलरीतून केव्हाच गेली. हे एक राहिलं.

का राहिलं, याचं माझं उत्तर गाणाऱ्या माणसाचं आहे. चाल संथ आहे. खालच्या सुरात सुरू होते, त्यामुळे कोणाचाही आवाज दबकत का होईना लागतो. मग ओळीओळीने ती वर चढते, आणि शेवटी ‘वॉक ऑन’पाशी येतात ते लांब, उघडे स्वर. मोठ्या जमावाला जलद तान झेपत नाही, लांब स्वर झेपतो. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि मैदान शंभरेक मीटर लांब असतं. एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटतो.

हे मी पुस्तकात वाचलं नाही, कानाने ऐकलं. लेक लिव्हरपूलमध्ये नोकरीला असताना तिने मला एकदा सामन्याला नेलं. आमच्या जागा गोलपोस्टमागे, प्रसिद्ध ‘कॉप’ गॅलरीच्या नेमक्या समोर. गाणं सुरू झालं आणि मी बावचळले. माझ्या भोवतीची माणसं एका जागी, समोरची गॅलरी त्यांच्या पाव पाऊल मागे! सवयीने माझा हात वर गेला, ठेका द्यायला. लेकीने तो खाली ओढला. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या लक्षात आलं की हा मागे-पुढेपणाच त्या गाण्याला भव्य करतो. सगळे काटेकोर एकत्र गायले असते तर ते शाळेचं समूहगीत झालं असतं.

‘कॉप’ या नावाबद्दलही सांगायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात, जानेवारी १९००मध्ये, स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवर मोठी लढाई झाली. नावाचा अर्थ टेहळणीची टेकडी. तिथे लँकेशायर भागातले पुष्कळ सैनिक पडले, म्हणून १९०६मध्ये अ‍ॅनफील्डला मातीचा उंच उतार रचून गॅलरी केली तेव्हा तिला हे नाव मिळालं. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्यांत बॅरिस्टर मोहनदास गांधी आणि त्यांचं भारतीय पथक होतं. फुटबॉलच्या गाण्याचा माग काढता काढता कुठे येऊन पोचलो पाहा.

१९८९मध्ये हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, त्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. त्यानंतर हे गाणं पुन्हा मूळ जागी, शोकाजवळ गेलं. ग्लासगोचे सेल्टिक आणि जर्मनीचे डॉर्टमुंड यांचे चाहतेही ते गातात. आणि लिव्हरपूलच्या मंडळींना चिडवायचं असेल तर एवढंच सांगा : मँचेस्टर सिटीचे चाहते जे ‘ब्लू मून’ गातात, त्याचे संगीतकारही रिचर्ड रॉजर्सच.

प्रश्न : शब्दच नसलेली ती ‘पो-पो-पो’ चाल सगळ्या देशांचे प्रेक्षक गातात. ती कुठली?

‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या अमेरिकन जोडीच्या २००३मधल्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ची. फुटबॉलशी तिचा सुतराम संबंध नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगेचे चाहते मिलानला गेले होते. सामन्याआधी एका बारमध्ये ती कानावर पडली, तोंडात बसली. ब्रुगेने एसी मिलानला त्यांच्याच मैदानात १-०ने हरवलं आणि चाल शुभशकुन म्हणून घरी आली. २००६च्या फेब्रुवारीत रोमाचा संघ ब्रुगेला खेळायला गेला, तिथे रोमाच्या चाहत्यांनी ती उचलली. त्या उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा देशभर हीच धून चालू होती. म्हणजे इटलीत बेल्जियनांनी ऐकली आणि बेल्जियममधून इटालियनांनी परत नेली!

घरी पेटी असेल तर वाजवून बघा : सा, सा ग सा, नि ध प. ग, नि आणि ध कोमल, शेवटचे तीन मंद्र सप्तकातले. सगळे आसावरी थाटाचे सूर. एकूण सात सूर, गळ्याला कुठेही ताण नाही, आणि पाठ करायला एकही शब्द नाही. भाषेचा अडसर नसल्यावर सीमेवर कोण अडवणार?

प्रश्न : सर्वांत जुना घोष कोणता? आणि हे रचतं कोण?

पोर्ट्समथचा ‘प्ले अप पॉम्पी’ हा फार जुन्यांपैकी एक. पॉम्पी हे पोर्ट्समथचंच टोपणनाव. तिथल्या गिल्डहॉलच्या घड्याळाच्या ठोक्यांच्या चालीवर तो बसवला आहे. क्लबची स्थापना १८९८ची, घोष त्याच्याही आधीचा. शहरातला तोफखान्याचा संघ खेळायचा, चारचे ठोके पडले की सामना संपायचा, आणि प्रेक्षक ठोक्यांबरोबर गायचे असं सांगतात. नॉर्विच सिटीचं ‘ऑन द बॉल, सिटी’ हे गाणंही १९०२मध्ये स्थापन झालेल्या त्या क्लबहून वयाने मोठं मानलं जातं.

रचतं कोण, हा प्रश्न मला फार आवडला, कारण यात थोरामोठ्यांची फजिती आहे. सर एडवर्ड एल्गार हे इंग्लंडचे मोठे संगीतकार, वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाचे भक्त. १८९८मध्ये बिली मॅल्पस या खेळाडूबद्दल वर्तमानपत्रात आलेलं एक वाक्य त्यांना इतकं भावलं की त्यांनी त्याला चाल लावली. ‘त्याने चामडं गोलाकडे हाणलं’ असं काहीसं ते वाक्य. गॅलरीने ही चाल उचलली नाही. पण १९०१मध्ये त्यांनीच एक भारदस्त लष्करी कूच रचली, तिच्या मधल्या भागाला पुढे ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ हे देशभक्तीचे शब्द मिळाले, आणि त्या चालीवर मात्र इंग्लंडभर चाहते गातात. काय गातात? अमका संघ आम्हाला नकोसा, तमकाही नकोसा, तुम्हीच तेवढे लाडके! गॅलरीसाठी रचलेलं गॅलरीने टाकलं आणि राजदरबारी शोभेलसं होतं ते पळवलं.

२००४मध्ये एका क्रेडिट कार्ड कंपनीने चक्क ‘घोष-कवी’ नेमला होता. राजकवी अँड्र्यू मोशन परीक्षक मंडळाचे प्रमुख, मानधन १०,००० पौंड, निवड बर्मिंगहॅम सिटीच्या एका चाहत्याची. कल्पना गमतीची होती. पण नेमणूक करून घोष तयार होत नाहीत, असं माझं मत. कोपऱ्यातल्या चौघांना सुचतं, पाचव्याला आवडतं, आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत कर्ता कोण हे कोणालाच आठवत नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे. २०२२च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचे चाहते जे ‘मुचाचोस’ गात होते, त्याची चाल ‘ला मोस्का’ या बँडच्या २००३च्या, प्रेमभंगात दारू पिणाऱ्याच्या गाण्याची. शब्द लिहिले एका शाळामास्तरांनी, २०२१मध्ये कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा जिंकल्यावर. आम्ही दिएगो आणि लिओनेलच्या, म्हणजे माराडोना आणि मेस्सीच्या, देशात जन्मलो, माल्विनास म्हणजे फॉकलंड बेटांच्या युद्धात गेलेल्या पोरांना विसरणार नाही, हरलेल्या अंतिम सामन्यांपायी वर्षानुवर्षं रडलो, पण ब्राझीलला त्यांच्याच माराकाना मैदानावर हरवलं, आणि आता दिएगो आकाशातून आईवडिलांसह लिओनेलला बळ देतो आहे. युद्ध, पराभव, मरण, सूड, सगळं दोन मिनिटांत. पुढे बँडनेही तेच शब्द घेऊन आपलं गाणं पुन्हा गायलं. एका मास्तरणीला दुसऱ्या मास्तरांचा किती अभिमान वाटावा!

प्रश्न : एवढ्या माणसांना पट्टी कोण देतं? आणि सगळे एकदम सुरू कसे होतात?

इटलीत, जर्मनीत हे काम करणारा माणूस असतो, त्याला ‘कापो’ म्हणतात. हातात भोंगा, पुढ्यात ढोल. तो मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, कारण त्याला गाणाऱ्यांचे चेहरे बघायचे असतात. म्हणजे सर्वांत निष्ठावंत चाहत्यालाच सामना धड दिसत नाही! अर्जेंटिनात मोठाले ढोल सूत्र धरतात. इंग्लंडमध्ये परंपरेने असा कोणी नसतो. कुठल्या तरी रांगेतून एक गळा उठतो. त्याने पट्टी फार वरची धरली तर दोन ओळींत घोष कोसळतो आणि आसपासचे हसतात. पेलण्याजोगी असली तर शेजारचे धरतात. पट्टी देणारा कोणी नाही, ती गर्दीच्या गळ्यांना सोसेल तिथे आपोआप येऊन बसते.

म्हणून तर चाल ओळखीची लागते. ‘देअर्स ओन्ली वन अमुक’, म्हणजे असा एकच, हा घोष क्यूबाच्या ‘ग्वांतानामेरा’च्या चालीवर आहे. मूळ शब्दाचा अर्थ ग्वांतानामोची मुलगी. खेळाडूचं नाव त्या जागेत बसलं पाहिजे एवढीच अट. लांबलचक नावांच्या खेळाडूंची मला दया येते.

प्रश्न : बरेच घोष प्रतिपक्षाला हिणवणारे असतात. तुमच्यासारख्या शिक्षिकेला हे चालतं?

काही चालतं, काही मुळीच नाही. उदाहरणच घ्या. आपल्या संघाने गोल केला की इंग्लंडचे चाहते समोरच्यांना विचारतात, ‘आता का बरं गाणं थांबलं?’ ही चाल एका स्तोत्राची, वेल्सच्या जॉन ह्यूज यांनी १९०७मध्ये रचलेली ‘कूम रॉन्धा’. मूळ शब्दांत भक्त देवाला विनवतो, स्वर्गीय भाकरीने माझी भूक पुरती भागव. त्याच चालीवर स्वतःच्या संघाला ‘सदैव तुमच्या पाठीशी’ असंही गातात. भक्ती आणि टवाळी एकाच चालीत. यात मला खोडकरपणा दिसतो, द्वेष नाही.

पण मँचेस्टर युनायटेडचा कोरियन खेळाडू पार्क जी-सुंग याच्यावरचा घोष घ्या. त्याच्या कौतुकासाठीच होता तो, पण त्यात कोरियन माणसं कुत्रा खातात असा टोमणा होता. तो खेळत होता तेव्हा गप्प राहिला. २०२१मध्ये, एका कोरियन खेळाडूसमोर तेच ऐकू आल्यावर, त्याने जाहीरपणे सांगितलं : हे थांबवा, तेव्हा मी सहन केलं याचं आता वाईट वाटतं. कौतुकाच्या चालीवर घातलेला अपमान हा अपमानच. उलट लिव्हरपूलचे चाहते मोहम्मद सलाहसाठी गायचे की याने आणखी थोडे गोल केले तर मीही मुसलमान होईन. थट्टाच ती, पण गाणाऱ्याने स्वतःला पणाला लावून केलेली. मला फरक इथे दिसतो.

प्रश्न : ‘ओले ओले’ आणि आइसलँडच्या टाळ्या, दोन्ही प्राचीन आहेत का?

नाहीत. ‘ओले’ ही स्पेनमधल्या बैलझुंजीतली जुनी दाद, पण ते गाणं बेल्जियमचं, १९८५मध्ये तिथल्या अँडरलेख्ट क्लबच्या विजेतेपदासाठी केलेलं. पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या विश्वचषकासाठी शब्द बदलले आणि ते जगभर गेलं. २०१६च्या युरो स्पर्धेत गाजलेल्या आइसलँडच्या टाळीला व्हायकिंगांची म्हणतात खरं, पण तिथल्या एका क्लबच्या चाहत्यांनी ती २०१४मध्ये स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबकडून आणल्याचं सांगतात. तिची खरी ताकद दोन टाळ्यांमधल्या शांततेत आहे. हजारो माणसांनी एकत्र गप्प राहणं हे गाण्याहून अवघड.

प्रश्न : संघ हरत असताना लोक गातात, ते कशासाठी?

बर्मिंगहॅम सिटीचे चाहते ‘रस्त्याच्या शेवटापर्यंत चालत राहा’ अशा अर्थाचं गाणं गातात. ते स्कॉटिश गायक हॅरी लॉडर यांचं. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन १९१६च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, त्या दुःखातून ते आलं. १९५६मध्ये संघ इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला तेव्हा चाहत्यांनी ते आपलं केलं. सामना हरले. गाणं अजून आहे.

आणि १४ जून २०१२, पोलंडमधलं ग्दान्स्क. स्पेन ४, आयर्लंड ०, आणि आयर्लंड युरो स्पर्धेबाहेर. शेवटच्या काही मिनिटांत हिरव्या गॅलरीतून ‘द फील्ड्स ऑफ अ‍ॅथनराय’ सुरू झालं. पीट सेंट जॉन यांनी १९७०च्या दशकात लिहिलेलं हे गाणं आयर्लंडच्या १८४०च्या दशकातल्या दुष्काळाचं आहे. पोराला खायला घालण्यासाठी धान्य चोरलेल्या माणसाला जहाजातून ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं जातं आणि बायको किनाऱ्यावर उरते. मी तो सामना रात्री एकटीच बघत होते. खेळात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिट्टी वाजली तरी ते गातच होते, आणि मी टीव्हीपुढून उठले नाही. कशासाठी गातात, याचं उत्तर मला शब्दांत देता येत नाही. ते ध्वनिमुद्रण मिळालं तर ऐका.

प्रश्न : मला ना सूर आहे, ना इंग्रजी घोष पाठ. पहिल्यांदाच मैदानात जाणार आहे. निदान एक तरी घोष सांगा.

टाळ्यांचा घ्या. १९६२मध्ये ‘द राउटर्स’ या अमेरिकन बँडच्या ‘लेट्स गो’ नावाच्या धूनमध्ये तो होता, तिथून सगळ्या खेळांत पसरला. हिशेब आठ मात्रांचा. पहिल्या दोन मात्रांत दोन टाळ्या, पुढच्या दोनांत तीन, त्यापुढच्या दोनांत चार, आणि शेवटच्या दोन मात्रांत जोरात संघाचं नाव. घरी चार वेळा करून बघा, हात आपोआप बसेल. चार टाळ्या घाईत घेऊ नका, नवखे तिथेच चुकतात. आणि नाव घेण्याआधी आपण कोणत्या गॅलरीत बसलो आहोत, ते एकदा पाहून घ्या.